पट्टीखालचं नाव

"मॅडम, यात आता उरलं काय? वर 'महाशय' आणि खाली 'कळावे'. मधे नुसता चुना!" टायपिस्ट हर्षालीने तो कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि तोंडाला ओढणी लावून ती हसू लागली.

चंद्रभागाबाईंनी कागद तिच्या हातून अलगद काढून घेतला. टेबलावर डिंकाची बाटली होती, कात्री होती, कोऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या होत्या. आलेल्या अर्जाची एक झेरॉक्स घ्यायची, जे दाखवायचं नाही त्यावर पट्टी चिकटवायची आणि त्याची पुन्हा झेरॉक्स काढायची. नाव असं नाहीसं होतं, की ते तिथे कधी नव्हतंच असं वाटावं. सकाळी बाईंनी एकच पट्टी कापली होती, नावापुरती. मग एक अंगठ्यापुरती. आणि मग दुपारपर्यंत त्या कापतच राहिल्या.

डोंगराकडच्या एका तालुक्याची ती कचेरी, आणि कचेरीतली पुरवठा शाखा. रॉकेल, गहू, तांदूळ, शिधापत्रिका. चंद्रभागाबाई तिथे अव्वल कारकून होत्या. रोज नाशिकहून एसटीने यायच्या, डब्यात दोन भाकरी आणि काहीतरी कोरडं घेऊन. दोन वर्षांमागे माहितीच्या अधिकाराचा कायदा आला तेव्हा दाराशी पाटी लावायची होती, माहिती अधिकारी कोण म्हणून. नाव द्यायला कुणी तयार होईना. "बाई शांत आहेत, त्यांचं घाला," असं कुणीतरी म्हणालं आणि पाटी लागली.

आता अर्ज आला होता दिनेशचा. वरच्या अंगाच्या एका गावचा हा रेशन दुकानदार. त्याच्याविरुद्ध तक्रार आली, तपासणी झाली, तांदूळ कमी भरला, नोटीस निघाली. तेव्हापासून गावाला धान्य नीट मिळू लागलं होतं. आणि दिनेशने मागितलं होतं एवढंच, की त्या तक्रारीची प्रत द्या, तक्रारदाराच्या नावासकट, अंगठ्यासकट.

तक्रार होती बयाबाईची. बाजाराच्या दिवशी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली लखन अर्जनवीस बसतो, त्याच्यापुढे बसून तिने ती लिहवून घेतली होती. लखनच सांगत होता नंतर, "म्हटलं आजी, जरा कचेरीच्या भाषेत लिहितो. तर मला म्हणती कशी, तुझं नगं लिवू, माझं लिव." म्हणून त्याने लिहिलं होतं ते असं:

'माझं घर दुकानाच्या पाठीमागं कवठाखाली हाय. टेम्पो येतो तवा माझी कुत्री भुकती, म्हनून म्या उठते. पोती घोटीच्या बाजूला जात्यात. माझी सून बाळंतीन हाय, तिला पेजंला तांदूळ नाय. म्या सुईन हाय. दिनेशच्या दोनी लेकरांची नाळ म्याच कापली. ज्या हातानं त्याचं घर वाढवलं त्याच हाताचा आंगठा देते. मला दुसरा हात नाय.'

बाईंनी ही तक्रार दिनेशच्या डोळ्यांनी वाचून पाहिली. नाव झाकलं, तरी कवठ बोलत होतं. कवठ झाकलं, तर कुत्री भुंकत होती. कुत्रीवर पट्टी लावली, तर बाळंतीण सून समोर आली, आणि नाळेच्या ओळीपाशी तर बयाबाई सगळीच्या सगळी उभी होती, पदर खोचून. पैसेवाल्याची तक्रार कुणाचीही असू शकते. हिच्यापाशी सांगायला स्वतःखेरीज दुसरं काही नव्हतंच.

"काही द्यायचं नाही यातलं," बाई म्हणाल्या. "कलम आठ लावू. उत्तर टाईप कर."

"अख्खं नाही म्हणायचं?"

"अख्खं."

*

त्या कायद्याच्या प्रशिक्षणाला बाई नाशिकला गेल्या होत्या. वक्ते सांगत होते, आता सगळं खुलं, मागेल त्याला द्यायचं, मुदतीत द्यायचं, नाहीतर खिशातून दंड. बाकीचे माना खाली घालून मुदती लिहून घेत होते. चंद्रभागाबाईंचं बोट मात्र पुस्तिकेत भलत्याच जागी थांबलं होतं. जिने विश्वासाने सरकारला काही सांगितलं तिच्या जिवाला धोका होणार असेल, तर तिचं नाव देण्याचं बंधन नाही. एवढ्या मोठ्या उघड्या वाड्यात ही एक खोली आतून कडी घालता येण्यासारखी होती. त्यांना ती फार आवडली.

कारण कडी नसली की काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. अठ्ठ्याण्णव साली बुधा नावाच्या माणसाने एका दुकानाची तक्रार केली. तेव्हाची रीत अशी, की तक्रार आली की ती 'खुलाशासाठी' म्हणून ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याचकडे पाठवायची, सोबत मूळ अर्जाची प्रत जोडून. कुणाच्या मनात पाप नव्हतं, चालत आलेलं होतं. महिन्याभराने बुधा कचेरीत आला तो डोक्याला फडकं बांधून. टेबला-टेबलाशी थांबून एकच विचारत होता, "माझं नाव त्याला कोनी सांगितलं, सायब?" कुणी मान वर केली नाही. शेवटी शिपायाने त्याला पाणी दिलं. पुढे तो वीटभट्टीवर गेला म्हणे, बायकापोरांसकट, आणि परत गावात आलाच नाही.

आणि दुसरंही होतं. ते बाई कुणाला सांगत नसत. त्यांचे यजमान तलाठी होते. त्र्याण्णव साली ते गेले तेव्हा कुणी विचारलं तर बाई काविळीचं सांगायच्या. पण अनुकंपेवर नोकरी मिळायची तर फाईल करावी लागली, आणि फाईलमध्ये डॉक्टरांचा कागद होता. दारूने यकृत कसं गेलं, ते त्यात स्वच्छ लिहिलेलं. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. पहिल्या दिवशी कामावर आल्या तेव्हा चहावाल्या पोऱ्याच्याही नजरेत ते दिसलं. त्या कागदावर कुणालाही पट्टी लावावीशी वाटली नव्हती.

*

उत्तर गेलं आणि आठवड्याच्या आत दिनेश हजर झाला. पांढरा सदरा, हातात हेल्मेट, तोंडावर हसू. खुर्ची ओढून बसला.

"ताई, मी तुमच्या भावासारखा ना? मग भावाला असं हात हलवत पाठवायचं?"

"कायद्यात नाही बसत, दिनेशभाऊ."

"घ्या! कायद्याचं नाव माहितीचा अधिकार, आन माहिती मागितली तर नाय म्हनायचा अधिकार तुमचा. मला काय करायचंय हो नाव घेऊन? जाऊन पाया पडीन. म्हनीन, माझं चुकलं काय ते सांग. गाव हाय शेवटी."

"पाया पडायला नाव कशाला पाहिजे?" बाई हळूच म्हणाल्या. "अख्ख्या गावाच्याच पडा. त्यात तेही येतील."

हर्षालीने टाईपरायटरवर खाडकन ओळ सरकवली, हसू लपवायला. दिनेशही हसला, पण उठताना हेल्मेट टेबलावर जरा जोरात आपटलं. "अपील करतो. साहेब हायेत वर."

साहेब तरुण होते, नवीनच आलेले. मनाने वाईट नव्हते, पण अपील म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची. "बाई, आपण परस्पर का ठरवायचं धोका आहे म्हणून? त्या तक्रारदाराला विचारा. हरकत असेल तर लेखी घ्या, विषय संपला. नसेल हरकत तर देऊन टाका. तुमचं मन मोठं आहे, पण कागद लागतो ना."

"विचारते, साहेब. मीच विचारते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं, त्यांनी दोन दिवस रजा घेतली. परत आल्या तर हर्षाली उत्साहाने सांगू लागली, "मॅडम, तुमचं काम करून टाकलं! साहेबांनी विचारलं, म्हटलं कशाला थांबायचं. त्या बयाबाईंच्या नावाने पत्र टाईप केलं, 'आपल्या तक्रारीची प्रत दुकानदारास देण्यास आपली हरकत आहे काय', आणि परवाच्या टपालात गेलंसुद्धा. कचेरीचा शिक्का मारून."

बाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

हर्षाली शहरातली पोर. टपाल म्हणजे पोस्टमन येतो आणि दारात देतो, एवढंच तिला ठाऊक. डोंगरातल्या त्या गावात पोस्ट नव्हतं. खालच्या गावचा पोस्टमन चढ चढून एकाच ठिकाणी यायचा आणि सगळ्यांची पत्रं तिथे देऊन उतरायचा. बाई एकदा तपासणीला गेल्या तेव्हा त्यांनी पाहिलं होतं. दुकानात तराजूच्या वर तार बांधलेली, आणि तारेत पत्रं खोचलेली. दुकान दिनेशचं.

"मॅडम, काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. तिच्या डोळ्यांत पाणी येऊ घातलं होतं आणि तिला रडवून काही परत येणार नव्हतं. "माझी आजही रजा टाक."

*

जीपमध्ये माणसं मागच्या फळीवर उभी राहून लटकलेली होती. चैत्राचं ऊन. डोंगर भाजून निघालेला, पण मधेच एखादा पळस पेटल्यासारखा, आणि वाऱ्यावर मोहाच्या फुलांचा तो गोड, जडसा वास. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोनाकडं निघाल्या, बाई?" जिचं नाव सांगू नये तिच्याकडे निघालेल्या माणसाने काय सांगावं? "देवाला," त्या म्हणाल्या. "ह्या टायमाला? देव पन सावलीला गेला असंल," म्हातारा म्हणाला आणि जीप हसली.

बाई दुकानापुढे उतरल्या. आत गल्ल्यावर दिनेश नव्हता. त्याची बायको आशा बसली होती, मांडीवर धाकट्याला घेऊन. वर तारेत दोन-तीन पोस्टकार्डं होती. शिक्क्याचं पाकीट नव्हतं.

"हे घोटीला गेल्यात," आशा म्हणाली. "काय पायजे?"

"पाणी मिळेल का?" बाई म्हणाल्या. "मी... तालुक्याहून आले. पुरवठ्यातून."

आशाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग पोराला खाली बसवून ती उठली, तांब्या आणून दिला, आणि त्या पाणी पीत असताना तिने कोपऱ्यातली पिठाची डालडाची बरणी ओढली. पिठात कोपरापर्यंत हात घातला. पाकीट बाहेर आलं, पांढरंफटक, न उघडलेलं.

"सातवी झालीय माझी," ती पाकीट झटकत म्हणाली. "नाव वाचता येतं. तालुक्याचा शिक्का आन बयाआजीचं नाव, दोन मिळून काय हुतंय ते पन समजतं. काल पोस्टमन टाकून गेला तवाच काढलं."

"यजमानांना...?"

"ते वंगाळ नायत, बाई. संतापी हायेत. संतापात मानूस कसा असतो ते तुमाला काय सांगायचं." तिने पोराला उचललं. "हा पायाळू व्हता. दवाखान्यात जायाला गाडी नव्हती. आजीनं रातभर हात लावून फिरवला याला. मला काय इचारू नका, म्या काय पायलं नाय. आजी खालच्या अंगाला हाय, मोहाखाली. मागच्या वाटंनं जावा."

बाईंनी पाकीट छातीशी धरलं, मग पर्समध्ये खोल ठेवलं. पाठीवर पिठाचा हात लागावा तसा त्यांच्या पदराला पांढरा डाग पडला होता. त्यांनी तो झटकला नाही, पण मग दिनेशच्या नजरेची आठवण होऊन घाईने झटकला.

*

मोहाखाली जमीन फुलांनी ओली झाली होती. एक म्हातारी उकिडवी बसून फुलं वेचत होती. बारीक चणीची, पण हात मोठे, बोटं लांब. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. चंद्रभागाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांना एकाएकी फार ओळखीचं वाटलं. हिच्या दाराशी कवठ आहे, हिची कुत्री चाहूल घेते, हिचं सगळं त्यांना पाठ होतं.

त्यांनी सांगितलं. दिनेशने काय मागितलंय, कचेरीने काय झाकलंय, आणि आता हो किंवा नाही तिने सांगायचं आहे.

बयाबाईने वेचायचं थांबवलं. "झाकलं म्हंजी?"

"कागदाची पट्टी लावली. नाव दिसू नये म्हणून."

"माझ्या नावावर कागूद डकवला?" म्हातारी ताठ झाली. "म्या काय चोरी केली? का कोनाचं पोर पळवलं? लय लोकांनी झाकलं बाई आजवर. बारशाला बाळाच्या बापाचं नाव घेत्यात, आईचं बी घेत्यात कधीमधी, सुईनीचं कोन घेतं? जल्मात एकदा कागदावर आलं तर तुमी त्याच्यावर चिकटवून मोकळ्या!"

आपण माया केली असं बाईंना वाटत होतं, आणि समोरची बाई दुखावून बसली होती.

मग त्यांनी बुधाची गोष्ट सांगितली. फडकं बांधलेलं डोकं, टेबला-टेबलाशी थांबणं, वीटभट्टी. सांगता सांगता त्या फुलं वेचू लागल्या. दोघी वेचत राहिल्या.

"मारल्यालं?" बयाबाईने विचारलं.

"हो."

"माझी येकलीची गोष्ट असती ना, तर म्या दुकानाम्होरं हुबं ऱ्हाऊन सांगितलं असतं. मला काय मारतो, तो माझ्याच हातात रडला नसंल, पन त्याची लेकरं रडलीत." ती फुलं टोपलीत टाकत बोलत होती. "पन सून तरणी हाय. तान्हं हाय. जीपवाला त्याचा चुलतभाऊ. दळन त्याच्याच गिरनीत." मग तिने टोपली हलवून फुलं खाली बसवली. "नका सांगू. ऱ्हाऊ द्या झाकलेलं."

"तसं लिहून घेते. अंगठा लागेल."

"पन तुमच्या कचेरीत? तिथं तरी हाय ना माझं? का तिथं बी पट्टी?"

"तिथं नाही. तिथं तुमचं तुम्ही सांगितलंत तसंच आहे. कुणाला दाखवत नाही, पण आहे."

"म्हना बरं."

चंद्रभागाबाईंनी इकडे-तिकडे पाहिलं. मग जमिनीकडे नजर ठेवून, हलक्या आवाजात, पाळणा म्हणावा तशा त्या म्हणू लागल्या. घर कवठाखाली. कुत्री. पोती. बाळंतीण सून. एकेक पट्टी त्यांच्या जिभेवरून निघत गेली. नाळेच्या ओळीला म्हातारीचे ओठ त्यांच्या बरोबरीने हलले. आणि शेवटी बाईंनी तिचं नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट नव्हे, आडनावासकटही नव्हे, नुसतं.

"बराबर हाय," बयाबाई म्हणाली. "लखन्यानं काय बदललं नाय."

पर्समधून शाईची डबी निघाली. हरकतीच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा उमटला, रुंद, रेषा झिजलेल्या. बयाबाईने तो पानाला पुसला, मातीला पुसला. निळं काही जाईना.

*

परत वर आल्या तेव्हा दुकानापुढे मोटारसायकल उभी होती. दिनेश पायरीवर बसून घाम पुसत होता. बाईंना पाहून तो उठला. हसला, पण डोळे हसले नाहीत.

"मॅडम! इकडं कुठं वाट चुकला?"

बाईंनी पर्स काखेशी ओढून धरली. आतून आशाचा आवाज आला, कामात असल्यासारखा. "म्याच इचारत व्हते त्यांना. बचत गटाला पन रेशन दुकान देत्यात म्हनं आता."

"बायको, घरातलंच दुकान काढून घेती काय गं माझं?" दिनेश म्हणाला, पण नजर बाईंवरून हलली नाही. खालच्या वाटेकडे त्याने एकदा पाहिलं. "आन खाली कुठं गेल्या व्हत्या?"

"बाईमाणसाला जावं लागतं," आशा आतूनच म्हणाली. "तेबी इचारा आता."

तो ओशाळला. तेवढ्यात त्याच वाटेने बयाबाई वर आली. डोक्यावर मोहाची टोपली, उजव्या हाताने धरलेली. कुत्री मागे.

दिनेशने दोघींकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. "काय आजी, वळखती का? तालुक्याच्या मॅडम हायेत ह्या. रेशनच्या."

बयाबाई थांबली. डोळे बारीक करून तिने चंद्रभागाबाईंना पायापासून वरपर्यंत न्याहाळलं, बाजारातलं परकं जनावर न्याहाळावं तसं.

"नाय बा," ती म्हणाली. "कुन्या गावच्या?"

"नाशिकच्या," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"लांबच्या हायेत. आशे, पानी पाजलं का नाय गं त्यांना? उनाच्या आल्यात."

एवढं बोलून ती चालू लागली. चढावर तिची पावलं हळू पडत होती. बाई पाहत राहिल्या. म्हातारीचा डावा हात अंगाशी लोंबत होता, मूठ मिटलेली, आणि अंगठा आत बोटांखाली दडवलेला. जन्मताना बाळ मूठ आवळून येतं, अगदी तशी.

जीप आली. बाई चढल्या.